हळदीचा मेल स्पॅममध्ये का पडतो?

«भाऊ, नमस्कार. समुद्रपूर तालुक्यात आमचा महिला बचत गट आहे. वायगाव हळदीची पावडर करून आम्ही पुण्या-मुंबईला कुरिअरने पाठवतो. ऑफिसचं काम माझ्याकडे असते. आमच्या यादीत 2,640 ईमेल आहेत. त्यात 410 आमचे आधीचे ग्राहक, 730 प्रदर्शनांतल्या रजिस्टरातले आणि 1,500 नागपूरच्या एकाकडून पेन ड्राइव्हवर विकत घेतलेले. वर्ध्याच्या एका मुलाने वेबसाइट करून दिली आहे, पण मेल गटाच्या जीमेल पत्त्यानेच जातात, एका मेल पाठवणाऱ्या कंपनीमार्फत. दिवाळीची जाहिरात हिंगणघाटच्या डीटीपीवाल्याकडून करून घेतली आणि पाठवली. पुण्याची नणंद म्हणाली, तुमचा मेल स्पॅममध्ये पडला होता. मग पाच-सहा ग्राहकांना फोन केले, तर सगळीकडे तेच. 'फ्री' आणि 'सूट' हे शब्द काढून पाहिले, फरक नाही. यादी कमी करावी का, असं विचारलं तर अध्यक्षाबाई म्हणतात, 'एवढी नावं काहून काढतं वं?' नवी हळद निघायच्या आत काय करावं ते सांगा. — एक ताई, जि. वर्धा»

ताई, नमस्कार.

शब्द काढून फरक पडला नाही, कारण अडचण शब्दांत नव्हतीच. विशिष्ट शब्द दिसला की मेल स्पॅममध्ये, हा हिशेब फार जुना झाला. आज जीमेल, याहू किंवा आउटलुकची गाळणी मुख्यतः दोन गोष्टी पाहते. मेल ज्याच्या नावाने आलाय त्यानेच पाठवलाय का? आणि या पाठवणाऱ्याचे मेल लोकांना हवे असतात का? तुमचा मेल दोन्हीकडे अडतोय. पहिलं काम माहीतगार माणूस एका दुपारात करून देईल. दुसऱ्याला काही आठवडे लागतील आणि त्यासाठी अध्यक्षाबाईंना नाराज करावं लागेल. मी नाराजीच्या कामापासूनच सुरुवात करतो, कारण ते झालं नाही तर बाकीचं सगळं वाया जाईल.

पेन ड्राइव्हवरची 1,500 नावं आजच काढा. थोडी ठेवू, हळूहळू कमी करू, असं नको. त्या लोकांनी तुमचं नाव कधी ऐकलेलं नाही, आणि अनोळखी जाहिरात आली की माणूस 'स्पॅम कळवा' हे बटण दाबतो. गूगलचं म्हणणं असं, की पोचलेल्या हजार मेलांमागे अशी तक्रार एकाहून कमी असावी आणि तीनपर्यंत तर कधीच जाऊ नये. आता तुमचा हिशेब मांडा. यादीतले सगळे जीमेलवाले धरले तरी 2,640 मेलांमागे आठ जणांनी बटण दाबलं की तीनची रेघ ओलांडली. पंधराशे अनोळखी लोकांत आठ जण चिडणार नाहीत, असं कोण सांगेल?

विकतच्या यादीत याहून वाईट एक गोष्ट असते. त्यात असे काही पत्ते असतात जे कुठलाच माणूस वापरत नाही. काही पत्ते वर्षानुवर्षं बंद पडलेले असतात, काही तर मुद्दाम सापळा म्हणून ठेवलेले असतात. तिथे मेल गेला की सापळा लावणाऱ्याला कळतं, की हा माणूस न विचारता गोळा केलेल्या यादीवर मेल पाठवतोय. 1998 पासून काम करणारी स्पॅमहाउससारखी संस्था अशा खुणांवरून काळ्या याद्या ठेवते आणि जगभरच्या मेल सेवा त्या याद्या वापरतात. एकदा तिथे नाव लागलं, की तुमच्या 410 ओळखीच्या ग्राहकांनाही मेल पोचणं अवघड होतं. दोन-तीन वर्षं तुमच्याकडून हळद नेणारी ठाण्याची बाई त्या पंधराशे लोकांपायी तुमच्यापासून तुटते. मला यातली ही गोष्ट सगळ्यात जास्त डाचते.

कायदाही याच बाजूने आहे. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचा पाया माणसाची संमती हा आहे, आणि दिलेली संमती मागे घेणं ती देण्याइतकंच सोपं असलं पाहिजे, असं त्यात म्हटलंय. पेन ड्राइव्हवाल्या पंधराशे जणांनी तुमच्या गटाला संमती दिलेली नाही.

अध्यक्षाबाईंशी बोलताना तक्रारींचे आकडे सांगू नका. कुरिअरची वही घेऊन बसा. गेल्या वर्षीच्या ऑर्डरींतल्या किती जुन्या ग्राहकांच्या, किती प्रदर्शनात भेटलेल्यांच्या आणि किती पेन ड्राइव्हवाल्यांच्या, हे त्यांच्यासमोर पेनाने लिहा. तिसरा आकडा बहुतेक शून्यच निघेल. बाईंचा विरोध समजण्यासारखा आहे, गटाचे पैसे देऊन ती नावं घेतली आहेत. पण ते पैसे तर गेलेच आहेत.

आता रजिस्टरातल्या 730 नावांकडे वळू. ही माणसं खरी आहेत, तुमच्या स्टॉलवर उभी राहिलेली आहेत. पण हाताने लिहिलेल्या पत्त्यांची गत काय होते ते तुम्हाला माहीत आहे. गर्दीत, पिशवी सांभाळत, टेबलाच्या कडेवर वही टेकवून लिहिलेलं असतं. एक आहे की एल, शून्य की ओ, खालची रेघ की मधली, ते नंतर लागत नाही. जीमेलच्या स्पेलिंगात दोन अक्षरांची अदलाबदल तर दर पानावर सापडेल. असे चुकलेले पत्ते परत येतात, आणि दर वेळी बरेच परत आले की गाळणी म्हणते, याला आपली माणसंच माहीत नाहीत. चुकीच्या स्पेलिंगचे काही डोमेन, म्हणजे पत्त्यातल्या @ च्या पुढची नावं, तर सापळे म्हणूनही वापरले जातात. म्हणून संशय येईल तिथे अंदाज बांधू नका. शेजारच्या रकान्यात फोन नंबर असेल तर फोन लावा. «ताई, तुम्ही आमच्याकडून हळद नेली होती, नवी निघाली की कळवू का?» एवढंच विचारा. हो म्हणाल्या तर पत्ता नीट विचारून घ्या, नको म्हणाल्या तर नाव खोडा. तीन वर्षांपूर्वीच्या पानांसाठी एवढा खटाटोप नको. ज्यांनी त्यानंतर काही घेतलं नाही, त्यांची नावं सोडून द्या.

पुढच्या प्रदर्शनात, मुंबईच्या महालक्ष्मी सरसला जा की नागपूरला, रजिस्टरासोबत क्यूआर कोडचा कागद ठेवा. ग्राहकाने आपल्या फोनवर स्वतः पत्ता भरायचा, 'नव्या हळदीची बातमी मला पाठवा' यावर स्वतः खूण करायची, आणि आलेल्या मेलमधल्या लिंकवर बोट लावून पक्कं करायचं. यात नावं कमी मिळतील. मिळतील ती चोख असतील.

आता दुपारभराचं काम. ईमेल पोचवण्याचे जे नियम 1982 साली ठरले, त्यांत पाठवणारा खरा कोण हे तपासायची सोयच नव्हती. पाठवणारा म्हणून कुणीही कुणाचंही नाव लिहू शकत होतं. फसवाफसवी वाढली तशा त्यावर तीन तपासण्या आल्या, एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क. एसपीएफ म्हणजे तुमच्या डोमेनच्या नोंदीत लिहिलेलं असतं, की आमच्या नावाने मेल पाठवायची मुभा या-या सर्व्हरना आहे. डीकेआयएम म्हणजे प्रत्येक मेलवरची इलेक्ट्रॉनिक सही. मेल वाटेत बदलला तर ती जुळत नाही. आणि डीमार्क विचारतं, की ही सही किंवा ही मुभा ज्याची आहे तो आणि ग्राहकाला दिसणारा पाठवणारा एकच आहे का? नसेल तर मेलचं काय करायचं?

तुमचं गाडं इथेच अडलंय. मेल एका कंपनीच्या सर्व्हरवरून निघतो, सही त्या कंपनीची, आणि वर नाव मात्र जीमेलचं. जीमेलच्या डोमेनवर तुमचा अधिकार नाही आणि त्या कंपनीचाही नाही. याहूने 2014 सालीच आपल्या नावाचे असे परक्या वाटेने आलेले मेल थेट नाकारावेत असा नियम लावला. जीमेलचा पत्ता लावून दुसरीकडून मेल पाठवू नका, असं गूगलच्या नियमावलीतही स्पष्ट लिहिलंय. हे तुम्ही स्वतः पाहू शकता. तुमचा दिवाळीचा मेल कॉम्प्युटरवर जीमेलमध्ये उघडा, फोनच्या ॲपमध्ये ही सोय नाही. मेलच्या उजव्या कोपऱ्यातल्या तीन टिंबांवर क्लिक करा आणि 'शो ओरिजिनल' निवडा. वरच्या तक्त्यात तीन ओळी दिसतील. एसपीएफ पास, डीकेआयएम पास आणि तिसरीत डीमार्क फेल, असं दिसायची दाट शक्यता आहे. पहिले दोन पास दिसतात ते मेल कंपनीच्या नावाने, तुमच्या नव्हे.

म्हणून मेल तुमच्या वेबसाइटच्या डोमेनवरून गेला पाहिजे. पण आधी एक गोष्ट तपासा, डोमेन कुणाच्या नावावर आहे? गावाकडच्या धंद्यांचं डोमेन पुष्कळदा वेबसाइट करणाऱ्या मुलाच्याच खात्यात असतं. त्याच्या मनात काही वाईट नसतं, तसं करणं त्याला सोपं पडलं एवढंच. पण शेत तुम्ही कसायचं आणि सातबारा दुसऱ्याच्या नावावर, अशी ती गत आहे. मुलगा उद्या नोकरीला हैदराबादला गेला, नंबर बदलला, वर्षाचे पैसे भरायचे राहिले, की डोमेन गेलं आणि त्याच्यासोबत मेलची सगळी पत गेली. त्याच्याशी चांगलं बोला आणि डोमेन गटाच्या नावाने, गटाच्या पत्त्यावर काढलेल्या खात्यात घ्या. मुदत संपायची सूचना त्याच्याकडे न जाता तुमच्याकडे आली पाहिजे.

ते झालं की मेल कंपनीच्या खात्यात 'डोमेनची पडताळणी' असा भाग असतो. तिथे दोन-तीन नोंदी मिळतात. त्या जशाच्या तशा डोमेनच्या डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या नोंदी जिथे ठेवतात त्या नोंदवहीत, टाकायच्या. मुलाला हे येत असेल. त्याला एक गोष्ट मात्र बजावून सांगा, की एसपीएफची नोंद एका डोमेनला एकच असते. जुनी तशीच ठेवून दुसरी टाकली तर तपासणीच चुकते आणि दोन्ही निकामी होतात. जुन्या नोंदीतच नवं नाव जोडायचं. डीमार्क सुरुवातीला नुसतं पाहणीवर ठेवा, म्हणजे मेल अडत नाही आणि अहवाल येत राहतात. सगळं नीट जुळतंय असं दिसलं की ते कडक करा.

तुमच्या मनात येईल, हे नियम मोठ्या कंपन्यांसाठी आहेत. गूगल आणि याहूने ऑक्टोबर 2023 मध्ये ते जाहीर केले आणि फेब्रुवारी 2024 पासून लागू केले. मायक्रोसॉफ्टने मे 2025 पासून तसंच केलं. दिवसाला 5,000 किंवा त्याहून जास्त मेल पाठवणाऱ्याला गूगलने तिन्ही तपासण्या सक्तीच्या केल्या आहेत. तुम्ही त्याच्या बऱ्याच खाली आहात. पण एसपीएफ किंवा डीकेआयएम यांतलं एक तरी असणं लहानमोठ्या सगळ्यांना लागू आहे. तिन्ही करूनच घ्या. नोंदी एकदाच टाकायच्या आहेत आणि त्यांना वेगळा खर्च नाही.

मोठ्यांना लावलेला आणखी एक नियम तुम्ही आपण होऊन पाळावा असं मला मनापासून वाटतं. मेल नको असेल तर एका क्लिकवर नाव निघालं पाहिजे, आणि विनंती आली की दोन दिवसांच्या आत. मेल कंपन्यांकडे ही सोय तयार असते, ती चालू ठेवायची असते. बरेच जण ती लिंक अगदी तळाशी, फिक्या राखाडी अक्षरांत दडवतात, ग्राहक जाऊ नये म्हणून. ज्याला जायचंय तो जातोच. लिंक सापडली तर गुपचूप जातो, नाही सापडली तर स्पॅमचं बटण दाबून जातो. लिंक ठळक लिहा, मराठीत लिहा.

आता जाहिरातीकडे येऊ. मजकूर डीटीपीवाल्याकडून केला म्हणता, म्हणजे तो जेपीजी म्हणून आला असणार. आपल्याकडची डीटीपीची दुकानं श्रीलिपी, कृतिदेव अशा फॉन्टवर वर्षानुवर्षं काम करतात. पत्रिका, फ्लेक्स, पावतीपुस्तकं छापायला ते उत्तम. पण तो मजकूर मेलमध्ये चिकटवला की समोरच्याला भलतीच अक्षरं दिसतात, म्हणून डीटीपीवाला सगळ्याचं एक चित्र करून देतो. गाळणीला त्या मेलमध्ये एक मोठं चित्र दिसतं आणि वाचण्यासारखा मजकूर जवळजवळ काहीच दिसत नाही. मजकूर चित्रात दडवून पाठवणं ही स्पॅमवाल्यांची जुनी चाल आहे, त्यामुळे संशय येतो. ग्राहकाचं नेट मंद असेल तर त्यालाही नुसता रिकामा चौकोन दिसतो. फोनवर ज्या मराठी कीबोर्डने तुम्ही व्हॉट्सअॅपवर लिहिता, त्यानेच मेलचा मजकूर लिहा. तो युनिकोड असतो, कुठल्याही फोनवर नीट दिसतो. फोटो एकच ठेवा, तुमच्या अंगणात वाळत घातलेल्या हळकुंडांचा. दरपत्रक जोडू नका, दर मेलमध्येच लिहा. लिंक द्यायची तर स्वतःच्या वेबसाइटची पूर्ण लिंक द्या. लिंक लहान करून देणाऱ्या सेवा फसवणारेही फार वापरतात. आणि 'सूट' हा शब्द खुशाल लिहा, सूट खरी असेल तर. विषयात 'Re:' अशी उत्तराची खोटी खूण घालून जुनं बोलणं चालू असल्याचा भास मात्र करू नका.

पाठवायचं कधी? तुमचं पीकच त्याचं वेळापत्रक देतं. जूनमध्ये लावलेली हळद जानेवारी-फेब्रुवारीत खणायची, मग शिजवायची, वाळवायची, पॉलिश करायची, दळायची. घरोघरी वर्षाची हळद-तिखट भरायचे दिवस मार्च-एप्रिल. सध्या तुम्ही वर्षातून एकदा दिवाळीला सगळ्यांना एकदम मेल टाकता. ज्या पत्त्यावरून महिनोनमहिने काहीच गेलं नाही, तिथून अचानक अडीच हजार मेल सुटले की गाळणी सावध होते. नव्या डोमेनच्या बाबतीत तर जास्तच. म्हणून जानेवारीत खणणी सुरू झाली की आधी गेल्या वर्षभरात हळद घेतलेल्या तीस-चाळीस जणांनाच लिहा. दोन-तीन दिवसांनी आणखी शंभर. असं वाढवत 410 पूर्ण करा, आणि मग रजिस्टरातले फोनवर पक्के केलेले पत्ते घ्या. मार्चपर्यंत तुमच्या डोमेनची ओळख झालेली असेल.

पहिला मेल विकायचा नसावा, विचारायचा असावा. ग्राहकाने मेलला उत्तर देणं, ही त्याला तुमचा मेल हवा असल्याची फार मोठी खूण असते. असा काहीसा लिहा:

«विषय: यंदाची हळद शिजायला लागली

नमस्कार. मागच्या वर्षी तुम्ही आमच्याकडून हळद घेतली होती. यंदाची खणणी झाली, या आठवड्यात शिजवणं चालू आहे. वाळवून, पॉलिश करून दळायला अजून काही दिवस लागतील. तुमच्यासाठी किती किलो ठेवू? या मेलला उत्तर म्हणून नुसता आकडा लिहिला तरी चालेल. आमचे मेल नको असतील तर खाली 'माझं नाव काढा' यावर बोट लावा, लगेच काढू.»

खाली तुमचं नाव, गटाचं नाव, गाव आणि फोन. आलेलं प्रत्येक उत्तर वाचा आणि त्याला उत्तर द्या. 'या पत्त्यावर उत्तर देऊ नका' असं लिहिणाऱ्या मोठ्या कंपन्यांची नक्कल तुम्ही करू नका.

काही किरकोळ गोष्टी. नणंदेला आणि ज्या ग्राहकांशी तुमचं फोनवर बोलणं होतं त्यांना सांगा, की मेल स्पॅममध्ये दिसला तर 'स्पॅम नाही' दाबा आणि पत्ता फोनमध्ये सेव्ह करा. पण गटातल्या बायकांनी आठ-दहा खोटी खाती काढून ते बटण दाबत बसायचं, किंवा 'मेल गरम करून देतो', म्हणजे खोटी उत्तरं दाखवून पत वाढवतो, असं म्हणणाऱ्याला पैसे द्यायचे, हे नको. जीमेलच्या 'प्रमोशन्स' कप्प्यात मेल पडला तर घाबरू नका. तो स्पॅम नव्हे, जाहिरातीची जागा तीच आहे. पत्ता चुकीचा म्हणून परत आलेला मेल पुन्हा पाठवू नका, ते नाव तेव्हाच काढा. गूगलचं 'पोस्टमास्टर टूल्स' फुकट आहे, त्यात तक्रारींचं प्रमाण दिसतं, मात्र तुमच्याएवढ्या लहान यादीसाठी तिथे आकडे दिसतीलच असं नाही. तोवर 'शो ओरिजिनल'च्या तीन ओळींवर भिस्त ठेवा. आणि हिंगणघाट-वर्ध्याच्या ग्राहकांना मेल कशाला? ते तुमच्या व्हॉट्सअॅपवर आहेत, तिथेच राहू द्या.

नोंदी टाकून झाल्या की स्वतःच्याच जीमेलवर नव्या पत्त्याने एक मेल पाठवून त्या तीन ओळींचा फोटो मला धाडा. तिन्ही पास दिसेपर्यंत पहिल्या चाळीस जणांना मेल सोडू नका.